ऑटो मॅगसाठी घरी काडतुसं भरायचीत? मग पावडर राहू दे, आधी केसचं तोंड बघा

ऑटो मॅग पिस्तूल हातात आलं की पहिला आठवडाभर माणूस ते नुसतं न्याहाळत बसतो आणि दुसऱ्या आठवड्यात गोळ्या शोधायला निघतो, आणि मग कळतं की पिस्तूल मिळवणं हा सोपा भाग होता. दुकानात .४४ मॅग्नमचे डबे रचून ठेवलेले असतात पण ते रिव्हॉल्व्हरचे, आपल्या उपयोगाचे नाहीत. आपल्याला हवंय .४४ एएमपी, म्हणजे ऑटो मॅगचं स्वतःचं काडतूस, आणि ते बहुतेक वेळा स्वतःच बनवावं लागतं. तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण हे पहिल्या दिवसापासून असंच आहे. हॅरी सॅनफर्डच्या कंपनीने कॅलिफोर्नियातल्या पासाडेनातून १९७१ मध्ये पिस्तुलं पाठवायला सुरुवात केली तेव्हाही लोक रायफलच्या काडतुसांच्या केस, म्हणजे पितळी नळकांडी, कापूनच गोळ्या बनवत होते, आणि १९७२ मध्ये तर त्या कंपनीचं दिवाळंच वाजलं. नंतर मेक्सिकोच्या एका कारखान्याने तयार गोळ्या काढल्या, स्वीडनच्या नॉर्माने रिकाम्या केस काढल्या, पण तो माल आता वापरायचा कमी आणि कपाटात ठेवायचा जास्त झालाय.

सुरू करण्याआधी कायद्याचं बोलून घेतो. हे सगळं मी अमेरिकेतल्या हिशोबाने लिहितोय. तिथे स्वतःच्या वापरासाठी गोळ्या भरायला केंद्राचं लायसन्स लागत नाही, पण भरून विकायच्या असतील तर लागतं, आणि राज्याचे नियम वेगळे असतात ते आपापले बघून घ्या. भारतात वाचत असाल तर फक्त वाचा. तिथे शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, घरी बसून हौस म्हणून हा उद्योग करायचा नाही.

दुसरं म्हणजे या लेखात पावडर किती ग्रेन (वजनाचं बारीक माप) घालायची याचे आकडे मी देणार नाहीये. लपवायचं म्हणून नाही. ५० वर्षं जुनं पिस्तूल, प्रत्येकाच्या केसची जाडी वेगळी, बुलेट (म्हणजे काडतुसातून उडणारा पुढचा भाग) वेगळी, अशा ठिकाणी अनोळखी माणसाने लिहिलेला आकडा वापरणं हा शुद्ध वेडेपणा आहे. आकडा छापील मॅन्युअलमधून घ्यायचा, तोही पावडर आणि बुलेट दोन्ही जुळत असतील तरच. आणि खरं सांगू का, या पिस्तुलांच्या काडतुसांत पावडर टाकणं हे दोन मिनिटांचं काम आहे, खरी मेहनत केसमध्ये आहे. म्हणून लेखही मुख्यतः केसवरच आहे.

काडतूस चेंबरमध्ये टेकतं कुठे, हे आधी डोक्यात बसवा

रिव्हॉल्व्हरच्या .४४ मॅग्नमला बुडाशी कडा असते आणि ती कडा सिलेंडरला अडकते, म्हणून केस थोडी आखूड झाली तरी बिघडत नाही. .४४ एएमपीला तशी बाहेर आलेली कडा नाही. हे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या पोकळीत, पुढे जातं आणि केसच्या तोंडाची जी पातळ धार असते त्या धारेवर टेकून थांबतं. म्हणजे कागदाएवढ्या जाडीच्या पितळी कड्यावर सगळा हिशोब. केस लांब राहिली तर मागून चेंबर बंद करणारा बोल्ट पूर्ण फिरून लॉक होणार नाही, आणि आखूड झाली तर काडतूस पुढे घसरतं, मग फायरिंग पिनचा फटका अर्धवट बसतो किंवा केस बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरने धरून ठेवलंय म्हणून ते कसंबसं फुटतं. आणि ही धार टेकायला हवी म्हणूनच तोंड आत वळवणारा रोल क्रिम्प इथे चालत नाही, तोंड नुसतं सरळ दाबणारा टेपर क्रिम्पच लागतो. रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या भरून आलेले लोक नेमके इथेच चुकतात, हाताला सवय असते ना.

.४५ विन्चेस्टर मॅग्नमलाही हाच नियम, म्हणजे वाइल्डी किंवा एलएआर ग्रिझली पिस्तूल ज्यांच्याकडे आहे त्यांनाही. ती केस म्हणजे .४५ एसीपीची लांब बहीण, एसीपीची केस ०.८९८ इंच आणि हिची १.१९८ इंच. म्हणून एसीपीच्या केस ढिगाने पडल्या असल्या तरी इथे उपयोग शून्य. .३५७ एएमपी मात्र .४४ ची मान आवळून बनवलेली आहे, ती खांद्यावर टेकते, तिचं गणित वेगळं. आणि .४७५ वाइल्डी मॅग्नम .२८४ विन्चेस्टर रायफलच्या केसपासून बनते. पुढचं सगळं मी .४४ एएमपी धरून लिहितोय.

कच्चा माल

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे स्टारलाइन कंपनीच्या तयार केस. मिळाल्या तर डोळे झाकून घ्या, पुढच्या बऱ्याच कटकटी वाचतील. नाही मिळाल्या तर .३०८ विन्चेस्टर किंवा .३०-०६ च्या झाडलेल्या केस. बूड तेच असतं त्यामुळे प्रेसमध्ये बूड धरणारा शेलहोल्डरही तोच चालतो.

पण गोळा करताना एकाच कंपनीच्या, जमलं तर एकाच लॉटच्या केस घ्या. मिलिटरीच्या केस स्वस्त मिळतात, तरी मी टाळतो. एक तर त्यांचा प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी छोटी टोपी, क्रिम्प करून (कड दाबून) बसवलेला असतो, तो काढल्यावर पॉकेटची, म्हणजे त्याच्या खळग्याची, कड साफ करत बसावं लागतं, आणि दुसरं म्हणजे त्या साधारणपणे जाड असतात. बाहेरचं माप तेच आणि भिंत जाड म्हणजे आतली जागा कमी, आणि जागा कमी झाली की तेवढ्याच पावडरला प्रेशर जास्त येतं. दोन प्रकारच्या केस एकाच डब्यात मिसळल्या तर तुम्ही खरं म्हणजे दोन वेगळ्या गोळ्या झाडताय आणि तुम्हाला पत्ताच नाही.

केस आल्या की झाडलेला प्रायमर काढा, टंबलरमध्ये घालून साफ करा, आणि मग एकेक हातात घेऊन बघा. बुडाच्या थोडं वर अंगठीसारखी चकचकीत रेघ दिसली तर ती केस आतून फाटायला लागलेली असू शकते. पेपरक्लिप सरळ करा, टोकाला बारीकसा हूक वळवा, आत घालून भिंतीवरून ओढा, खाच लागली की केस भंगारात. वाईट वाटून घेऊ नका.

कापणं, आवळणं, आतून रीम करणं

तयार केसची लांबी १.२९८ इंच, म्हणजे ३३ मिलिमीटरला एक केसभर कमी. .३०८ ची मान आणि खांदा दोन्ही उडवून खालच्या सरळ भागातच कापायचं. हॅक्सॉने कापा, छोट्या चॉप सॉने कापा, लेथ असेल तर राजेशाही कारभार, पण पहिल्या कापात १०-१५ थाऊ जास्त ठेवा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वर्कशॉपवाल्यांना सांगायला नको. मी पहिल्यांदा उत्साहाच्या भरात थेट मापावर कापायला गेलो आणि २० केस वाकड्या तोंडाच्या करून ठेवल्या. तोंड वाकडं झालं की सरळ करायला परत घासावं लागतं आणि घासलं की केस आखूड झाली. पितळ परत वाढत नाही.

मग लूब, म्हणजे वंगण, लावून केस साइझिंग डायमध्ये, म्हणजे मापाला आवळणाऱ्या साच्यात, घाला. लूब कंजूषी करून लावलं तर केस डायमध्ये अडकते आणि संध्याकाळ गेली, जास्त लावलं तर अंगावर खड्डे पडतात. बोटाला तेलकट वाटेल इतकंच. आणि शेवटी हे लूब पूर्ण पुसायचं, चेंबरमध्ये तेलकट केस भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का मागे बोल्टवर येतो.

आता रीमिंग, म्हणजे आतून कोरून भिंत पातळ करणं, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते काम. रायफलची केस बुडाकडे जाड आणि मानेकडे पातळ होत जाते. आपण मधूनच कापली, म्हणजे जिथे आता तोंड आहे तिथे कंपनीने तोंड असेल असं कधी गृहीतच धरलं नव्हतं, ती भिंत जाड आहे. .३०-०६ मध्ये तर अजून जाड, कारण तिथे कापाची जागा बुडाच्या दृष्टीने बरीच खालची पडते. अशा जाड तोंडात .४२९ ची बुलेट बसवली की तोंड बाहेर फुगतं, काडतूस चेंबरमध्ये घट्ट अडकून बसतं, आणि वाईटात वाईट म्हणजे झाडताना तोंडाला फुगून बुलेट सोडायला जागाच राहत नाही. प्रेशर एकदम चढतं. म्हणून फॉर्मिंग डायमध्ये केस धरून हाताने रीमर फिरवायचा, सावकाश, मधेमधे चुरा झटकत. तो चुरा सोनेरी भुशासारखा सगळीकडे उडतो आणि डायमध्ये गेला तर पुढच्या केसवर ओरखडे काढतो, त्यामुळे दर चार-पाच केसनंतर डाय पुसून घ्यायचा.

पुरेसं रीम झालंय की नाही हे कसं ओळखायचं? नुसत्या रिकाम्या केसवर कॅलिपर लावून समाधान मानू नका. रिकाम्या केसमध्ये बुलेट बसवा, प्रायमर नाही पावडर नाही, आणि मग तोंडाचा बाहेरचा व्यास चार ठिकाणी मोजा, मॅन्युअलमधल्या ड्रॉइंगशी ताडून बघा. चारही आकडे जुळले पाहिजेत, एका बाजूला दोन थाऊ जास्त येत असतील तर भिंत एका बाजूला जाड राहिलीय.

रीमिंगनंतर ट्रिमरवर शेवटचं माप, १.२९८. त्याच्या वर एकही थाऊ नाही, खाली दोन-तीन थाऊ चालून जातात, पण सगळ्या केस सारख्या हव्यात. मग आतून चॅम्फर करायचं, म्हणजे कड तिरकी घासायची, आणि बाहेरून बर, म्हणजे कडेला उरलेला पितळाचा काटा, काढायची, दोन्ही अगदी हलक्या हाताने. चाकूसारखी धार काढू नका, मघाशी सांगितलं ना, काडतूस त्या धारेवरच टेकणार आहे.

मला एकदा एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने "सगळं करून ठेवलंय, फक्त भरा" म्हणून १०० केसची पिशवी विकली. घरी येऊन मोजल्या तर निम्म्या १.२८० च्या आसपास, आणि रीमिंगचा तर पत्ताच नाही. सगळ्या भंगारात. तेव्हापासून दुसऱ्याने बनवलेली केस मी स्वतः मोजल्याशिवाय घेत नाही, मग तो माणूस कितीही गोड बोलू दे.

नवीन तोंड कडक वाटत असेल, दोन-तीन वेळा वापरून चिरा पडत असतील, तर तापवून मऊ करायचं, म्हणजे अ‍ॅनिलिंग करा. केस पाण्याच्या ताटात अर्ध्यापर्यंत उभी ठेवायची, फक्त वरच्या भागाला गॅस टॉर्चच्या ज्योतीची आच द्यायची आणि आडवी पाडायची. बूड गरम होता कामा नये. बूड मऊ पडलेली केस बाहेरून अगदी चांगली दिसते, आणि नेमकं बुडावरच सगळं प्रेशर येतं.

प्रायमरची एक गोम

.३०८ च्या केसला लार्ज रायफल प्रायमरचं पॉकेट असतं. लार्ज पिस्टल प्रायमरचा व्यास तोच, पण उंची कमी. त्यामुळे तो आत जाऊन खोल बसतो, पिनचा फटका नीट पोचत नाही आणि टिक् आवाज येऊन गप्प. लोक मग पिस्तुलाच्या स्प्रिंगला शिव्या घालतात. उलट तयार पिस्टल केसमध्ये रायफलचा प्रायमर घातला तर तो वर उचललेला राहतो, बोल्ट जोरात येऊन आदळणाऱ्या पिस्तुलात ते फार धोक्याचं. तेव्हा केस कुठली आणि प्रायमर कुठला हे डब्यावर मार्करने लिहून ठेवा आणि मॅन्युअलचा आकडा कुठल्या प्रायमरसाठी दिलाय तेही बघा, प्रायमर बदलला की प्रेशर बदलतं. बसवल्यावर बुडावरून बोट फिरवायचं, बोटाला किंचित खळगा लागला पाहिजे, उंचवटा अजिबात नाही.

पावडर

इथे मी थोडक्यात आटपतो. टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा. मोबाईल दुसऱ्या खोलीत. वजनकाटा आधी चेक वेटने तपासून घ्यायचा. मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या लोडपासून सुरू करून हळूहळू वर, पण एक अपवाद नीट लक्षात ठेवा. एच-११० आणि विन्चेस्टर २९६ ही एकच पावडर आहे दोन नावांनी विकलेली, आणि ती विकणारी हॉजडन कंपनी स्वतः सांगते की तिचा लोड ३ टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नका. "मी आपला सेफ म्हणून अर्धाच भरतो" हा शहाणपणा या पावडरला चालत नाही, ती नीट पेटत नाही आणि बुलेट बॅरलमध्येच अडकू शकते.

भरलेल्या केस लोडिंग ब्लॉकमध्ये उभ्या करा आणि बुलेट बसवायच्या आधी हातातल्या बॅटरीचा उजेड मारून सगळ्यांमध्ये डोकावून बघा. पातळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एखादी रिकामी, एखादी दोनदा भरलेली, हे या एका नजरेत सापडतं. शंका आली तर ओतून परत.

घरात साठा किती ठेवायचा त्यालाही मर्यादा आहे. अमेरिकेत एनएफपीए ४९५ या स्फोटक पदार्थांच्या नियमावलीप्रमाणे घरात २० पौंडापर्यंत पावडर मूळ डब्यात ठेवता येते, प्रायमर १०,००० पर्यंत. मूळ डब्यात हे महत्त्वाचं, काचेच्या बरणीत ओतून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत.

बुलेट बसवणं आणि क्रिम्प

तोंड एक्सपांडरने जरासं उघडा, बुलेट हाताने ठेवली की उभी राहील इतपतच. जास्त उघडलं तर दर वेळी उघड-मीट होऊन तोंड लवकर फाटतं. बुलेट जॅकेटवालीच घ्या. वाइल्डी पावडरच्या गॅसवर चालतं, त्यात साध्या शिशाच्या बुलेट वापरल्या तर गॅसची भोकं शिशाने बुजतात. पूर्ण काडतुसाची लांबी १.६२० इंचाच्या पुढे नेऊ नका, मॅगझिनमध्ये बसणार नाही.

सीटिंग (बुलेट आत बसवणं) आणि क्रिम्प दोन वेगळ्या फेऱ्यांत करा, एकाच झटक्यात दोन्ही करायला गेलात की बुलेट सरकते आणि तोंड खरवडतं. क्रिम्पचं काम फक्त उघडलेलं तोंड परत सरळ करणं. बुलेटला घट्ट धरून ठेवायचं काम क्रिम्पचं नाही, ते केसच्या ताणाचं आहे. हा ताण पुरेसा आहे का ते बघायला काडतूस कॅलिपरने मोजा, बुलेटचं टोक लाकडी टेबलावर अंगठ्याच्या जोराने दाबा, परत मोजा. आकडा हलला तर ताण कमी आहे. या पिस्तुलात काडतूस फीड होताना चेंबरकडे चढणाऱ्या रॅम्पवर दणका बसतो, बुलेट आत ढकलली गेली की आतली जागा कमी, आणि पुढे काय होतं ते वर लिहिलंच आहे. जास्त रीम केलेल्या केसमध्ये हे हमखास होतं. म्हणजे कमी रीम केलं तर एक संकट आणि जास्त केलं तर दुसरं, मधली वाट दोन-तीन थाऊंची.

खऱ्या गोळ्यांच्या आधी डमी

पाच डमी बनवा, प्रायमर आणि पावडर शिवाय. बॅरल सुटं करून त्यात डमी टाका, स्वतःच्या वजनाने 'टप्प' आवाज करत आत गेली पाहिजे आणि उलटं केलं की आपोआप बाहेर पडली पाहिजे. अंगठ्याने ढकलावी लागत असेल तर डमीला मार्करने काळं करून परत टाका, जिथे रंग खरवडला तिथे घासतंय. बहुतेक वेळा तोंडाशीच. मग पाचही डमी मॅगझिनमधून हाताने सायकल करून, म्हणजे चेंबरमध्ये भरून-काढून, बघा आणि बाहेर आलेल्या परत मोजा.

रेंजवर

पहिल्या वेळी मॅगझिनमध्ये एकच गोळी. चष्मा, कानाला मफ. झाडल्यावर केस उचलून बघायची. प्रायमर चपटा होऊन कडेपर्यंत पसरलाय का, बुडाजवळ फुगवटा आलाय का, बुडावर नवीन ओरखडा आहे का. यातलं काही दिसलं तर तिथेच थांबा, उरलेल्या गोळ्या घरी नेऊन बुलेट ओढून काढणाऱ्या पुलरने उघडा. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, झटका कमी वाटला, बोल्ट मागे आला नाही, तर दुसरी गोळी झाडायची नाही म्हणजे नाही. पिस्तूल रिकामं करून बॅरलमधून सळई घालून बघा, आत बुलेट अडकलेली असेल तर पुढची गोळी बॅरल फोडेल.

लोड फार हलका असेल तर ऑटो मॅग सायकलच होत नाही, आणि भारी असेल तर बोल्ट मागे इतक्या जोरात येतो की जुने पार्ट तुटतात, आणि हे पार्ट काही कोपऱ्यावर मिळत नाहीत. माझा स्वतःचा नियम असा की जो लोड पिस्तूल भरवशाने सायकल करतो आणि केस चांगल्या परत देतो, तिथे थांबायचं. आणखी वेग हवाय तर रायफल घ्या. आणि हे पिस्तूल पूर्ण स्टेनलेसचं आहे, त्यात स्टीलवर स्टील घासून एकमेकांना धरायची खोड असते, तेव्हा सरकणाऱ्या भागांना वंगण सढळ हाताने लावा. सुकं ऑटो मॅग अडकलं की लोक गोळ्यांना दोष देतात.

डब्यावर तारीख, केसची कंपनी, कितव्यांदा भरली, पावडर, बुलेट, प्रायमर, लांबी हे सगळं लिहा. आणि उजव्या बाजूला जाळी किंवा जुनी चादर टांगून ठेवा, कारण हे पिस्तूल केस लांब भिरकावतं, आणि तासभर खपून रीम केलेली केस उंच गवतात जाऊन पडली की माणूस गुडघ्यावर रांगत शोधतो. मी शोधलीय, दोनदा, आणि दुसऱ्या वेळी सापडली ती कोणाची तरी .४५ एसीपी.